बेकरीपर्यंत

"किती चालतात?" डॉक्टरांनी विचारलं. प्रश्न पलंगावरच्या म्हातारबुवांना होता, उत्तर बायकोनं दिलं.

"छे! पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर."

मधुमेहानं म्हातारबुवांचा डावा पाय गुडघ्याखाली नेला होता आणि आता त्याच पायाचा खुबा मोडला होता. दाराची कडी लावायला उठलो नि पडलो, असं त्यांनी घरी सांगितलं होतं. कडी लावायला डोक्यावर टोपी कशाला, हे बायकोनं विचारलं नाही, तेवढीच देवाची कृपा.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "ऑपरेशनच्या टेबलाला एक बूट असतो. त्यात पाऊल अडकवून पाय ताणायचा, मग हाड जुळवायचं. यांना पाऊलच नाही. हाडात पिन घालून ओढावं लागेल. वयही झालंय. खुर्चीपर्यंतच जायचं तर एवढी यातायात नको. दुखण्यावर औषध देतो. पण मग नकली पायावर उभं राहणं विसरायचं."

रोज दुपारी बायको आडवी होऊन घोरायला लागली, की म्हातारबुवा नकली पाय चढवून चौकापलीकडच्या बेकरीत हजर! एक क्रीम रोल, उभ्या उभ्या. अलीकडे बेकरीवाला साखरेला हात आखडता घेत होता, पण चोरून खाणाऱ्यानं तक्रार कुणाकडे करायची? पाय कापला त्या दिवशी बायको ढसाढसा रडली होती. तेव्हाच त्यांनी गोड सोडल्याची शपथ घेतली होती.

बायको शांतपणे चष्मा पुसत होती. डॉक्टर फाईल मिटून निघाले.

"चालतो मी, डॉक्टर!" म्हातारबुवा एका दमात बोलून गेले. "रोज. बेकरीपर्यंत. क्रीम रोल खायला." मग बायकोकडे न बघता म्हणाले, "चुकलो गं. पण मला चालायचंय."

डॉक्टर वळले. "बेकरीपर्यंत? मग ऑपरेशन करायलाच हवं. उद्या सकाळी घेऊ."

ते गेले. म्हातारबुवा डोळे मिटून पुढच्या भडिमाराची वाट बघत राहिले.

बायकोनं चष्मा चढवला. डोळे मात्र ओलेच होते. "तुमच्या तोंडून वदवून घ्यायला किती खटपट! आता लवकर बरे व्हा. बेकरीवाला सकाळीच चौकशी करून गेलाय. मी सांगून करवून घेतलेले ते बिनसाखरेचे क्रीम रोल दुसरं कुणीच खात नाही म्हणे."