गेंड्यावरचे दादा

भागवतनं दोन बोटांनी मोबाइलवरच्या, गेंड्यावर बसलेल्या राक्षसाचं तोंड मोठं केलं आणि ओरडला, "आयला, हे तर आपले विजयसिंहदादा!"

दुकानात हशा पिकला. अंबाजोगाईतल्या भागवतच्या फ्लेक्सच्या दुकानात संध्याकाळी 'काळडोह'चे भक्त जमायचे. काळडोह हे इन्स्टाग्रामवरचं एक पान. त्यावर कुणीतरी राक्षस, उडत्या मेंढ्या आणि भाला घेतलेली मेंढपाळांची राणी रंगवायचं. नवं चित्र आलं की ही मंडळी ते गावभर फिरवायची आणि मग त्यावरून अशी भांडायची, जणू कुणी कुणाचा बांध कोरलाय.

"मेंढीला पंख दिले तर लोकर कुठून कातरायची बे?" ही म्हाळूची जुनी शंका. तो स्वतः मेंढरं राखायचा, त्यामुळे त्याला कुणी गप्प करू शकत नव्हतं.

"काढणारा जपानचा हाय," रामेश्वर ठामपणे म्हणाला. "आपल्याकडं एवढा दम कुणात?"

काढणारी त्यांच्या मागेच झेरॉक्स घेत उभी होती. धनश्री कॉलेजात शिकायची आणि मोबाइलवर बोटानं चित्रं रंगवायची. झेरॉक्सचं फक्त निमित्त. ती यायची ती तारीफ ऐकायला.

तिनं दादांचं तोंड मुद्दाम काढलं नव्हतं. विजयसिंहदादा भागातले मोठे पुढारी. वाढदिवस असो, दहावीचा निकाल असो, नाहीतर कुणाचं तेरावं, चौकात दादांचा फ्लेक्स लागायचाच. लहानपणापासून बापापेक्षा हेच तोंड तिनं जास्त पाहिलं होतं. राक्षस काढायला घेतला की बोट आपसूक त्याच मिशांकडं वळायचं. आणि बाप धोंडीराम मेंढरं चारायचा तोही दादांच्याच पडीक रानात. दादांनी नुसती नकाराची मान हलवली असती, तरी कळपाला उद्या कुठं न्यायचं हा प्रश्न होता.

तिनं गुपचूप पानावरून चित्र काढून टाकलं. पण तोवर रामेश्वरनं ते 'दादा ऑन ड्यूटी' असं लिहून सगळ्या ग्रुपवर टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानापुढं पांढरी गाडी थांबली. दादा आत आले, मागं त्यांची माणसं. भक्त मंडळ जागच्या जागी थिजलं. धनश्री झेरॉक्स मशीनला चिकटून उभी राहिली.

"आमी तर असली चित्रं बघतच न्हाई," कुणी काही विचारायच्या आधीच रामेश्वर म्हणाला.

दादांनी ते चित्र दुकानातल्या मोठ्या स्क्रीनवर लावायला सांगितलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "चौकात लावायचं हाय. मोठं छाप."

"दादा, राक्षस हाय त्यो!" त्यांचा एक माणूस कळवळला.

"असू दे. जल्म गेला फ्लेक्सवर हात जोडून उभं राहण्यात. इथं पहिल्यांदा बसलोय. अन् बसलोय ते गेंड्यावर!"

दादा हसले, तशी त्यांची माणसं हसली. भक्तांच्या जिवात जीव आला. रामेश्वरला लगेच मिशांमधला रुबाब दिसू लागला. फक्त भागवत कसानुसा झाला. "दादा, ग्रुपवरचं चित्र एवढं ताणलं तर फुटतंय. मूळ चित्र लागंल."

"मग काढणाऱ्याला बोलवा." दादांचं हसू गेलं. "माझ्या मिशा इतक्या हुबेहूब काढतोय म्हंजी तुमच्यातलाच हाय कुणीतरी. कोन हाय?"

"म्हाळू!" रामेश्वरनं बोट दाखवलं. "मेंढ्यांवर लई बोलतंय ते!"

म्हाळूला दादांच्या माणसांनी दोन्ही बाजूंनी धरलं. त्याला तर सरळ रेघही ओढता येत नव्हती. तो रडकुंडीला आला. "आईशप्पत दादा, मी न्हाई!"

धनश्रीला ते पाहवेना. "त्याला सोडा," ती म्हणाली. "मी काढते."

कुणाचाच विश्वास बसेना. रामेश्वर तर फिदीफिदी हसला. मग तिनं मोबाइल उघडून पुढचं, अर्धवट रंगवलेलं चित्र दादांपुढं धरलं.

दादांनी डोळे बारीक केले. "ह्यात काय चाललंय?"

"राणी राक्षसाला पाडती."

दादांची निवडणूक तोंडावर आली होती. त्या दिवसांत त्या भागात 'पाडणे' या शब्दाला एकच अर्थ असतो. दादांचा एक माणूस बाह्या सारत पुढं आला, दादांनी त्याला हातानंच मागं सारलं.

"धोंडीरामची ना तू?"

"हो."

"हे बदलता येतंय का?"

धनश्रीला बाप आठवला, दादांच्या रानात बसलेली मेंढरं आठवली. तिनं एकदा राणीकडं पाहिलं.

"येतंय. पर मी बदलणार न्हाई, दादा. राणीनं त्याला पाडावं म्हणून लोक लई दिसांपासून वाट बघत्यात."

लोक म्हणजे भक्त मंडळ. ते या क्षणी छताकडं बघत होतं.

दादांनी धनश्री सोडून बाकी सगळ्यांना बाहेर जायला खुणावलं. भागवतही स्वतःच्याच दुकानातून निमूट बाहेर गेला. दादा मोबाइल हातात घेऊन उभे राहिले. चित्रातला राक्षस गेंड्यावरून निम्मा खाली आला होता. सुळे बाहेर, डोळे लाल. त्यांनी मोबाइल परत तिच्या हातात ठेवला आणि बाहेरच्यांना ऐकू जाणार नाही एवढ्या हळू आवाजात म्हणाले,

"पाड. पर खाली पडल्यावर त्याला जरा माणसाचं तोंड काढ, पोरी. माझी नात तुझी समदी चित्रं बघती. काल तिनं मला वळखलं."