मागची सीट

रवीने पुढचं दार उघडून धरलं होतं. मंजुश्री त्याला वळसा घालून मागच्या दाराशी गेली, आत शिरली आणि सीटच्या मधोमध बसली.

"काऊन व? मांग काऊन?"

"पार्टी मांगच बसते ना."

"पार्टी कुठी हाय आज? त्याइचा फोन नाई का आला सकाळी, पोराले ताप भरला म्हनून."

"मंग आज मी पार्टी. मले मॅडम म्हना. अन् त्याइले सांगता तसं समदं सांगा. शुद्ध भाषेत."

रवी हसला. मलकापूर स्टेशनावर उतरलेल्या लोकांना दिवसभर फिरवायचं आणि संध्याकाळच्या गाडीला परत आणून सोडायचं, हा त्याचा धंदा. देवळं, तळी, धबधबे. आज गाडी धुऊन झाली होती, डिझेल भरून झालं होतं आणि बायकोने अजून लोणार पाहिलं नव्हतं. म्हणून तो तिला 'चाल' म्हणाला होता.

तिला लोणार पाहायचं होतंच. पण शेजारच्या मयुरीने एकदा मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला होता, कुणा प्रवाशाने टाकलेला. त्यात रवी लोणारच्या गोमुखातून पडणाऱ्या धारेपुढे उभा राहून बोलत होता. हात हलवत, मध्येच थांबत, समोरच्याच्या डोळ्यांत बघत. घरी हा माणूस 'वाढ' म्हणायचा आणि 'किल्ली कुठी हाय' म्हणायचा. मंजुश्रीने तो व्हिडिओ नंतर पुष्कळदा पाहिला. कुणी घरात असलं की आवाज बंद करून पाहिला.

मेहकरला बालाजीच्या देवळात रवी खरोखरच शुद्ध बोलू लागला. "मॅडम, ही मूर्ती अखंड काळ्या पाषाणाची आहे. जरा इकडून बघा, उजेड पडतो." लोणारला दैत्यसूदनाच्या देवळाच्या भिंतीवरचा एकेक देव त्याने नावानिशी दाखवला. गाडीच्या डॅशबोर्डवर बुद्धाची मूर्ती लावणारा आपला नवरा इतके देव ओळखतो, याचं तिला हसू आलं.

"तुमाले एवढे देव कधीपासून माहीत?"

"मॅडम, प्रश्न आपण शेवटी घेऊ."

मग तळं. वरून पाहिलं तर गोल, हिरवं, न हलणारं. मग धार. "उन्हाळ्यातसुद्धा ही आटत नाही," रवी सांगत होता. मंजुश्री त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"मॅडम, धार तिकडं आहे."

"बघून राह्यली ना."

सगळं व्हिडिओतल्यासारखंच होतं. शब्द तेच, हात तसेच. फक्त रवी तिच्या डोक्याच्या थोडं वरून कुठेतरी बघून बोलत होता. आणि बोलणं संपलं की खिशातून किल्ली काढून पुढे चालू लागत होता. ती मागून पायऱ्या चढत होती.

बुलढाणा मागे पडलं. गाडी राजूर घाटात शिरली तेव्हा ऊन उतरलं होतं. रस्त्याकडेच्या बाया उरलेली सीताफळं टोपल्यांत भरत होत्या. मंजुश्रीने चपला काढून पाय सीटवर घेतले होते. दाखवायचं सगळं दाखवून झालं होतं.

"मॅडम," रवी म्हणाला.

तिने पाय खाली घेतले.

"पुढच्या वळणावर डाव्या हाताला एक लहान धबधबा आहे. दिवाळीपर्यंत टिकतो, मग नाही. इथं एकदा एसटी बंद पडली होती. गाडीत लग्नाचं वऱ्हाड होतं. सगळे कंडक्टरवर ओरडत होते. नवरी तेवढी खाली उतरली. पांढरी साडी होती तिची. चपला काढून ती पाण्यात जाऊन उभी राहिली. नवरदेव हातात ट्रंक धरून रस्त्यावर उभा होता. त्याला तिला काहीतरी सांगायचं होतं. तेवढ्यात एसटी सुरू झाली."

वळण आलं. काळ्या कातळावरून पाण्याची एक बारीक रेघ उतरत होती. ती मागे गेली.

ट्रंक निळी होती. मंजुश्रीला आठवली.

"हे समद्या पार्टीले सांगता?"

रवीने गिअर बदलला.

"हाव. घाट आला की."

"नवरी कोन होती, ते बी?"

"ते नाई सांगत."

"नवरदेवाले काय सांगायचं होतं, असं कोनी इचारत नाई?"

"सगळेच विचारतात, मॅडम."

"मंग?"

रवीने आरशात पाहिलं. या वेळी नेमकं तिच्याकडे.

"मग घाट संपतो."

घाट संपतच आला होता. खाली सपाटीवर दिवे लागू लागले होते.

"गाडी वळवा," ती म्हणाली.

समोरून कापसाने भरलेला एक ट्रक कण्हत वर येत होता. रवीने गाडी कडेला घेतली, इंडिकेटर दिला, आणि ट्रक जाईपर्यंत ती टिकटिक ऐकत दोघं बसून राहिले.