विहिरीचा उपसा

बिरप्पानं दोरी पुन्हा हिसडली. इंजिन नुसतं फुसफुसलं आणि गप्प झालं.

विहिरीच्या काठावर माणसं दाटली होती. काठालाच प्रियंकाच्या चपला होत्या, देवळाबाहेर काढून ठेवाव्यात तशा शेजारीशेजारी. सकाळी शेरडांना पाला टाकायला आलेल्या कस्तुराबाईनं लेकीच्या चपला बघितल्या आणि असा हंबरडा फोडला की पार अक्कलकोट रोड स्टेशनापर्यंत ऐकू गेला.

शेजारच्या रानातला ज्ञानबा पट्टीचा पोहणारा. त्यानं बुड्या मारून बघितल्या. वर येऊन धापा टाकत म्हणाला, "खाली लई गाळ हाय बिरप्पा. बाभळीच्या फांद्या पडल्यात. हाताला कायबी लागंना. पाणी उपसल्याबिगर इलाज न्हाय."

विहिरीवर विजेची मोटर होती, पण या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची. उरलं हे पेट्रोलवरचं छोटं इंजिन. पावसाळ्यात रानात तुंबलेलं पाणी काढून झालं, की पोत्यात गुंडाळून शेरडांच्या खोपीत टाकून दिलेलं. अख्खा हिवाळा त्याच्याकडं कुणी फिरकलं नव्हतं.

रात्रीचं बोलणं बिरप्पाच्या कानातून जात नव्हतं. रविवारी लेकीचं लग्न होतं. प्रियंका मात्र एकच धरून बसली होती, पुण्याला नर्सिंगला जायचं. "उंबऱ्याबाहेर पाय टाकलास तर मेलीस असं समजंन मी," तो बोलून गेला होता. पोरगी उठून आत गेली होती.

"अण्णा," त्याचा धाकटा भाऊ बिरुदेव म्हणाला. लग्न त्यानंच जुळवलं होतं, आपल्या मेव्हण्याशी. मोटारसायकलची किल्ली त्याच्या बोटात फिरत होती. "मी म्हंतो, स्टेशनावर एक चक्कर मारून येऊ का? कुणी सांगावं."

"चपला हितं, आन् स्टेशनावर काय हुडकता?" कस्तुराबाई कळवळून ओरडली. "अनवाणी जाईल व्हय माझी लेक? पाइप धरा की भावजी! आदी लेकरू बाहेर काडा!"

बिरुदेव ओशाळला. किल्ली खिशात घालून पाइपाला लागला. कुणीतरी पोलिसांना कळवायचं म्हणालं, तर कस्तुराबाईनं त्याचे पाय धरले. "आदी डोळ्यांनी बघू द्या मला."

बिरप्पानं टाकीतलं जुनं पेट्रोल ओतून दिलं. पिवळं पडलेलं, आंबूस वासाचं. प्लग काढून त्यावरची काजळी पॉलिशपेपरनं घासली.

"पेट्रोल आण!"

कस्तुराबाई धावत गेली आणि खोपीतून कॅन घेऊन आली. टाकी भरून त्यानं दोरी हिसडली. इंजिन एकदा उसळलं, पांढरा धूर ओकलं आणि बंद पडलं. त्यानं टाकीला नाक लावलं. डिझेल होतं.

"अगं, काय आणलंस हे!"

"मला काय दिसतंय व्हय?" डोळ्यांना पदर लावून ती मटकन खाली बसली.

तिच्यावर ओरडल्याची बिरप्पालाच लाज वाटली. सगळं परत रिकामं केलं. ज्ञानबाच्या गाडीतलं पेट्रोल काढलं. मग त्यानं कार्बोरेटर खोलला. आतली पितळेची इवलीशी जेट चिकट राळीसारख्या मळानं बुजली होती. बारीक तारेनं त्यानं तिचं भोक मोकळं केलं, फुंकर मारली, आणि बाकीचं साफ होईपर्यंत ती बायकोच्या तळहातावर ठेवली.

"नीट धर. ही हरवली तर इंजिन चालायचं न्हाय."

तिचा हात कलला. जेट लेंड्यांच्या भुग्यात पडली.

सगळी माणसं गुडघ्यांवर आली. ऊन चढत होतं. बिरप्पा दोन्ही हातांनी माती चाळत पुटपुटत होता, "एकदा दिसू दे. जिती दिसू दे माझी लेक. पुण्याला काय, कुटंबी जाऊ दे. मी न्हाय अडवणार."

कस्तुराबाईचे हात थांबले. ती नवऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तेवढ्यात बिरुदेव सरकत तिच्याजवळ आला. तशी ती पुन्हा माती चिवडू लागली.

जेट शेवटी ज्ञानबालाच सापडली. इंजिन जोडून झालं, चौघांनी उचलून विहिरीच्या खालच्या पायरीवर नेलं. पाइप पाण्यात सोडला. बिरप्पानं चोक ओढला, मनातल्या मनात देवाला हाक मारली आणि दोरीला हिसका दिला.

इंजिन धडधडू लागलं. वर पाटात पाणी कोसळलं.

आता त्याला वेगळीच धास्ती पडली. इतका वेळ इंजिन चालू व्हावं म्हणून जीव तुटत होता. आता पाणी खाली जाईल तसा तो मागं मागं सरकत होता. विहिरीला उन्हाळी पाणी, फार नव्हतंच. एकेक पायरी उघडी पडत गेली. मग फांद्यांची टोकं दिसली. बायका काठावरून वाकून बघू लागल्या.

दुपार कलली तेव्हा गाळ उघडा पडला. ज्ञानबा दोर धरून उतरला. बिरप्पानं डोळे गच्च मिटले. खाली फांद्या मोडल्याचा, चिखलात पाय रुतल्याचा आवाज येत होता. तो बराच वेळ येत राहिला.

"बिरप्पा!" ज्ञानबाचा आवाज विहिरीत घुमला. "हितं कुणीच न्हाय! समदा गाळ चाचपला. कुणीच न्हाय!"

बिरप्पानं डोळे उघडले. त्याला हसावं की रडावं कळेना. त्यानं ज्ञानबाकडं बघितलं, मग भावाकडं.

"मग गेली कुटं पोरगी?" बिरुदेव म्हणाला.

कस्तुराबाईनं पदरानं तोंड पुसलं. तिचा आवाज आता जराही कापत नव्हता.

"इंजन बंद करा," ती नवऱ्याला म्हणाली. "पुण्यात उतरली असंल ती आता."