थोरलीचं पाणी

करवतीचा शेवटचा हात बसला आणि थोरलीची वाळकी फांदी खाली पडली. इलाहीने कापलेली जागा अंगठ्याने पुसली. पांढऱ्या लाकडात भाकरीच्या चतकोरासारखा एक काळपट डाग होता. खोडाच्या पार आतपर्यंत गेलेला.

थोरली म्हणजे कुरुंदवाडच्या राजमतीआक्कांच्या द्राक्षबागेतली पहिली वेल. त्यांचे यजमान बाहुबली यांनी अठरा वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने लावलेली. त्यांनीच नियम घालून दिला होता, की ऑक्टोबरची छाटणी थोरलीपासून सुरू करायची आणि कापातून झरणारं तिचं पाणी लागलेली कात्री दिवसभर पुसायची नाही. तशीच दुसऱ्या वेलीला लावायची, मग तिसरीला. थोरलीची बरकत सगळ्या बागेला मिळते म्हणे. बाहुबली गेले, नियम राहिला. तो पाळला इलाहीने, कारण कात्री त्याची. पंचक्रोशीत त्याच्या हाताला गुण आहे असं लोक म्हणत, आणि खोटं कशाला बोला, त्यालाही ते थोडंफार पटलं होतं.

मागच्या आठवड्यात त्याने थोरलीच्या लाकडाचा तुकडा कोल्हापूरला नुजहतकडे पाठवला. ही त्याची लेक तिथल्या एका तपासणी प्रयोगशाळेत नोकरीला. तिचा फोन आला. बुरशी आहे, खोडात राहते, कापलेल्या जागेतून आत शिरते, औषध नाही. "वाऱ्यापावसानंही पसरते, अब्बा," ती म्हणाली. बापाला बरं वाटावं म्हणून म्हणाली. मग जरा थांबून तिने विचारलं, "एका वेलीवरनं दुसरीवर जाताना कात्री कशात बुडवता?"

इलाहीने फोन ठेवला. त्याच संध्याकाळी तो बागेतून एकटा फिरला. थोरलीच्या ओळीत निम्म्या वेली वाळल्या होत्या, पुढच्या ओळीत त्याहून कमी, त्याच्या पुढे आणखी कमी. तो दरवर्षी ज्या वाटेने छाटत जायचा, मरण त्याच वाटेने गेलं होतं.

आणि आज बांधापलीकडे आक्कांच्या मुलाने, जिनेशने लावलेल्या नव्या बागेची पहिली छाटणी होती.

"आक्का, थोरली आतनं कुजलीया. बघा की."

आक्का हळदकुंकवाचं ताट घेऊन उभ्या होत्या. डागाकडे त्यांनी नीट बघितलंही नाही. "म्हातारी झालीया. मी न्हाय झाले व्हय?"

"वय न्हाय, रोग हाय. कात्रीवरनं दुसरीला लागतुय. नव्या बागंला थोरलीचं पाणी नको."

"मंजे अठरा वरसं आमच्या ह्यांनी बागंला रोग वाटला म्हण की."

"मी वाटला, आक्का. कात्री माझ्या हातात हुती."

"तुझ्या हाताला गुण हाय," आक्का म्हणाल्या, "म्हणून तर तुला बोलवलाय."

आक्का अडाणी नव्हत्या. खतांच्या पिशव्यांवरचं बारीक अक्षर वाचून दुकानदाराला गप्प करणारी बाई. पण हे मानलं असतं, तर नवऱ्याने मागे ठेवलेली एकुलती एक गोष्ट विष ठरली असती. इलाहीला ते कळत होतं. त्याला आक्कांची दया आली, आणि स्वतःची त्याहून जास्त.

त्याने खिशातली स्पिरिटची बाटली काढली आणि आक्कांच्या देखत कात्रीवर ओतली. पूजेत तिला लावलेलं हळदकुंकू ओघळून मातीत गेलं. मग त्याने सदऱ्याच्या टोकाने दोन्ही पाती कोरडी केली.

"पुसलीस?" आक्कांनी विचारलं. आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

"पुसली."

त्यांनी ताट खाली ठेवलं आणि हात पुढे केला. अठरा वर्षांत आक्कांनी मागितलं आणि इलाहीने दिलं नाही असं झालं नव्हतं. हात आपोआप पुढे गेला. कात्री देऊन झाल्यावर त्याला कळलं आपण काय केलं ते.

आक्कांनी थोरलीची एक हिरवी काडी धरली आणि कापली. कापावर पाणी आलं. त्यांनी दोन्ही पाती त्यात भिजवली, आणि थेंब सांडू नये म्हणून कात्री समईसारखी उभी धरून बांधाकडे निघाल्या.

"आक्का, नका." इलाही आडवा झाला.

"सर बाजूला."

सत्तरीतल्या बाईचं मनगट ते, सहज धरता आलं असतं. त्याचा हात अर्ध्यापर्यंत उठला आणि खाली आला. तो बाजूला झाला आणि त्यांच्या मागून चालू लागला.

नव्या बागेत पहिल्या वेलीसमोर आक्का वाकल्या. करंगळीएवढं खोड, त्यावर गेल्या वर्षी इलाहीनेच बांधलेलं कलम, आणि कलमाच्या वर काडीवर फुटव्याचे डोळे. आक्कांनी जन्मात कधी छाटणी केली नव्हती. त्यांनी डोळे बारीक केले, कात्री चाचपत खाली नेली आणि पाती नेमकी कलमाच्या खाली टेकवली. तिथे कापलं असतं तर वेल आजच गेली असती.

"हितं का रं, इलाही?"

इलाही त्यांच्या शेजारी वाकला.

"न्हाय आक्का," तो म्हणाला, "जरा वर. दोन डोळं राखून."