नराची चिठ्ठी

संग्रहालयातून घरी आलेल्या साहेबांनी काचेची नळी उजेडात धरली आणि त्यांचं तोंडच उतरलं.

“काकू, चिठ्ठी कोरी आहे.”

काकूंनी सुनेकडे पाहिलं. काकांच्या नळ्यांतल्या जुन्या चिठ्ठ्या पिवळ्या पडल्या म्हणून सुनेने गेल्या महिन्यात सगळ्या नव्याने लिहिल्या होत्या. मोत्यासारखं अक्षर, निळी शाई. जुन्या केरात गेल्या. स्पिरिटमध्ये शाई विरघळते, हे तिच्या गावीही नव्हतं. काका जन्मभर पेन्सिलीने का लिहीत, हे घरात कुणी विचारलंच नव्हतं. आता दोनशे नळ्यांत दोनशे मेलेले कोळी आणि निळसर पाणी.

“शिकलेली सून आणली मी,” काकू म्हणाल्या. “आमच्यासारख्या दुसरी नापासांनी निदान हात तरी लावला नसता.”

सून डोळे पुसत आत गेली.

साहेबांनी भिंगातून पुन्हा पाहिलं. तांदळाच्या कणीएवढा कोळी. दमट रानात गोल जाळं विणणाऱ्या या प्रजातीच्या माद्याच तेवढ्या जगाला ठाऊक होत्या. नर हा एकच. काकांनी तो हयातभर घराबाहेर जाऊ दिला नव्हता. त्यांना जाऊन आता दोन महिने झाले होते.

“कुठे सापडला, कधी सापडला, हे नसेल तर याला किडामुंगीची किंमत नाही, काकू. शोधणारा म्हणून काकांचं नाव लागायचं ते याच्यावरच.”

काकूंनी नळी हातात घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच.

“लिहा. धरणामागचं जंगल. चौकीच्या वरचा ओढा.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“तीनदा माणूस धाडला होता तिथे. घरी या म्हणून.”

साहेबांनी लिहून घेतलं. “आणि तारीख?”

काकूंनी दिवस, महिना, साल सांगितलं. कुठे अडखळल्या नाहीत.

“चाळीस वर्षं झाली. नक्की आठवतं?”

“दुपारी पोरीला स्मशानात पोचवून आले होते मी. तिचे फ्रॉक दोरीवर वाळत होते, ते काढत होते. तर हे फाटकातूनच ओरडत आले, ‘अगं, आज सकाळी नर सापडला!’”

काकूंनी नळी टेबलावर ठेवली.

“चेहरा असा फुलला होता त्यांचा, की तासभर मी त्यांना सांगितलंच नाही.”