पोट मऊ, कळ मोठी

सकाळपासून पाच डॉक्टर बयूमीचं पोट दाबून गेले, तरी कळ होती तिथंच होती.

"कणीक मळतात तसं मळून जातायत," त्याची बायको, नगात, पलंगाच्या पायथ्याशी पुटपुटली. "एक म्हणाला गॅस, दुसरा म्हणाला अल्सर. आणि गेला तो गेलाच."

"गप गं," बयूमी कण्हला. "खाली वॉर्डात कोण विचारत होतं? इथं वर आणलं, म्हणजे मोठे डॉक्टर बघणार."

तांता शहरातल्या त्या इस्पितळात वरच्या हॉलमधली चादर खरंच धुतलेली होती. शेजारच्या खुर्चीत खुद्द प्रोफेसर शौकत बसलेले. चहा पीत ते प्रत्येकाचं ऐकायचे आणि कागदावर काहीतरी लिहायचे.

सहावी आली ती नरमीन. पोरगीच. हात बर्फासारखे गार. पण दाबायच्या आधी तिनं विचारलं.

"काका, कधीपासून दुखतंय?"

"परवापासून, लेकी. सकाळी वालाची उसळ-भाकरी खाल्ली, ती उलटली. तेव्हापासून आत कुणी पिरगाळतंय."

"हा व्रण कसला?"

"पानथरी काढली गेल्या महिन्यात, प्लीहा म्हणतात ती. कालव्याच्या पाण्यातल्या किड्यांनी फुगवली होती."

तिनं हलक्या हातानं पोट चाचपलं. मग ती प्रोफेसरांकडे वळली.

"सर, पोट मऊ आहे आणि माणूस कळवळतोय. पानथरी काढल्यावर रक्त गोठू शकतं. यांच्या आतड्याच्या शिरांमध्ये गुठळी असणार."

प्रोफेसरांनी कप खाली ठेवला. "मग?"

"आत्ताच्या आत्ता शिरेतून औषध सोडून सीटी स्कॅन. गुठळी दिसली की लगेच हेपॅरिन, म्हणजे ती वाढणार नाही. आतडं काळं पडलं असेल तर ऑपरेशन."

"आणि थांबलो तर?"

"आतडं सडेल, सर. माणूस हाती लागणार नाही."

नगातनं ओढणी तोंडाशी धरली. बयूमीच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं, ते आनंदाचं. "अल्ला तुझं भलं करो, पोरी. कुणाला तरी कळलं."

प्रोफेसर चक्क हसले. "बरोबर. अगदी बरोबर. शंकाच नाही."

"मग कुठं न्यायचं यांना, साहेब?" नगात चपला शोधत उठली.

तेवढ्यात घंटा वाजली. प्रोफेसरांनी कागदावर सही ठोकली.

"पूर्ण मार्क, नरमीन. जाताना पुढच्या विद्यार्थ्याला पाठव. आणि काका, तुम्ही असेच पडून राहा, परीक्षा संध्याकाळपर्यंत आहे."