सूर धरणारी

“श्वास जुळला. दिगंबर गुरव,” श्वासयंत्र म्हणालं. विमा कंपनीची मंजिरी चक्रावली. मास्क तर गुरवकाकूंनी लावला होता! श्वास म्हणजे अंगठ्याचा ठसा; दोघांचा एक कसा निघेल? विमा काकांचा, पण एकटा माणूस दिवसरात्र मास्क कसा लावेल, या संशयावरून ती तपासणीला आली होती.

“हे देवळात सनई वाजवायचे,” काकू मास्क बाजूला करून धापा टाकत म्हणाल्या. “घरी रियाजाला दुसऱ्या सनईवर सूर मी धरायचे. दम यांच्याबरोबरच घ्यायचा, अशी सक्त ताकीद. ती सवय अंगात मुरली.”

काका कासावीस झाले. “पण विमा माझ्या एकट्याचा. आता बंद करणार?”

काकूंनी मास्क पुन्हा लावला; त्यांच्या शांत, संथ होत गेलेल्या श्वासाकडे मंजिरी बघतच राहिली. मग तिने मास्कचा पट्टा हलकेच नीट केला.

“आमच्याकडे विमा माणसाचा नसतो, काका. श्वासाचा असतो. आणि श्वास जुळलाय.”